फळाचा रंग आणि फळाची पक्वता
काढणीनंतर उष्णता व प्रकाश यांचा होणारा परिणाम

जानेवारी महिन्यात सुरतेच्या बाजारात आलेले केळीचे घड वखारीत ठेवले असता काही दिवसांतच सोन्यासारखे पिवळे होतात. त्याच बागेतील, त्याच जातीचे, तितक्याच जून झालेले घड मे महिन्यात त्याच वखारीत ठेवले, तर मात्र वेगळाच प्रकार दिसतो. आतील गर मऊ होतो, गोडी येते, वासही सुटतो. परंतु साल हिरवट, निस्तेज अशीच राहते. गिऱ्हाईक फळ हातात घेते, रंग पाहते आणि ‘कच्चे आहे’ म्हणून परत ठेवते. दोन दिवसांनी तेच फळ काळवंडून टाकून द्यावे लागते.

यात फळाचा दोष नाही, बागाईतदाराचा नाही आणि हातगाडीवाल्याचाही नाही. दोष आहे तो आपल्या सर्वांच्या एका जुन्या समजुतीचा. फळ हिरवे म्हणजे कच्चे आणि पिवळे म्हणजे पिकलेले, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. वस्तुतः सालीचा रंग बदलणे आणि आतील गर पिकणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. हवामान अनुकूल असेल तेव्हा त्या हातात हात घालून चालतात. उष्णता वाढली की त्यांची फारकत होते. ही फारकत समजली नाही म्हणून शेतकऱ्याला भाव कमी मिळतो, व्यापाऱ्याचा माल वाया जातो आणि रंगाच्या हव्यासापोटी कार्बाइडसारखा निषिद्ध मार्ग पत्करला जातो. यासाठी या विषयाची शास्त्रीय माहिती शेतकऱ्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांनाच असणे अगत्याचे आहे.

तापीकाठचे पीक

सुरत आणि खानदेश यांना जोडणारी पहिली वाट तापी नदीची. ज्या तापीच्या खोऱ्यात जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, सावदा, फैजपूर या भागांत केळीच्या बागा उभ्या आहेत, तीच नदी पुढे सुरतेपाशी समुद्राला मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेने या दोन्ही टोकांना जोडले. पुढे कापडगिरण्या आणि यंत्रमाग यांच्या निमित्ताने खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत येऊन स्थायिक झाली. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांतून आजही इतर भाषांबरोबर मराठी माध्यमाचे वर्ग चालतात. या वस्तीला केळी हे काही परके फळ नव्हे.

खुद्द सुरत जिल्ह्यात कामरेजच्या परिसरात, तसेच उत्तरेकडे नर्मदेच्या काठी भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांत केळीची मोठी लागवड आहे. जळगावच्या केळीला सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बसराई, श्रीमंती आणि अलीकडे सर्वत्र पसरलेली ग्रँड नैन या तिन्ही जाती कॅव्हेंडिश या एकाच गटातील आहेत. हा गट ध्यानात ठेवावयास हवा. कारण उष्णतेत साल हिरवी राहण्याचा गुण विशेषेकरून याच गटात दिसून येतो.

रंग येतो कोठून?

कच्च्या केळीच्या सालीत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. एक हिरवे, म्हणजे हरितद्रव्य. पानांना हिरवेपणा देते तेच. दुसरी पिवळी, ज्यांना कॅरोटिनॉइड असे म्हणतात. केळी हिरवी असतानाही ही पिवळी द्रव्ये सालीत असतातच. मात्र हिरव्या रंगाच्या दाटीखाली ती झाकलेली असतात. फळ पिकू लागले म्हणजे हरितद्रव्याचे विघटन होते आणि खालचा पिवळा रंग उघडा पडतो. एखाद्या भिंतीवरील वरचा हात खरवडून काढल्यावर खालचा जुना रंग दिसावा, तसा हा प्रकार आहे. म्हणजेच केळी पिवळी ‘होत’ नाही. तिचा हिरवेपणा जातो.

प्रत्येक फळाची रीत मात्र अशीच नाही. टोमॅटोमध्ये हिरवा रंग जातो आणि त्याच वेळी लायकोपीन नावाचे तांबडे द्रव्य नव्याने तयार होते. आंब्याच्या सालीतून हरितद्रव्य जाते आणि गरामध्ये पिवळी-केशरी द्रव्ये पुष्कळ वाढतात. सफरचंदाचा किंवा काही आंब्यांच्या गालावरचा लालिमा अँथोसायनिन या तिसऱ्याच द्रव्याचा असतो. ही द्रव्ये घडविणारी व मोडणारी यंत्रणा निरनिराळी असल्याने त्यांना मानवणारे तापमानही निरनिराळे असते. सर्व फळांना एकच नियम लावून चालत नाही, तो यामुळेच.

चोवीस अंशांची मर्यादा

केळीच्या बाबतीत हा नियम बराच स्पष्ट आहे. १६ ते २० अंश सेल्सिअस या तापमानात गर पिकणे आणि साल पिवळी होणे या दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात. तापमान २४ अंशांच्या पुढे गेले की हरितद्रव्याच्या विघटनाचा वेग मंदावतो. गराचे पिकणे मात्र थांबत नाही, उलट अधिक वेगाने होते. पिठूळ पदार्थाची साखर होते, गर मऊ पडतो, पण साल मागे राहते. तीस अंश आणि त्यापुढे तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो.

ब्रिटनमधील सेमूर, थॉम्पसन व जॉन या संशोधकांनी सन १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उष्ण प्रदेशातील तापमानात केळी पिकविली असता साल हिरवी का राहते, याचा पद्धतशीर तपास केला. कॅव्हेंडिश गटातील केळी उष्णतेत हिरवी राहतात; परंतु प्लँटेन गटातील केळी ३५ अंशांनाही पूर्ण पिवळी होतात, असे त्यात आढळून आले. यावरून हा प्रश्न उष्णतेइतकाच जातीचाही आहे, हे सिद्ध होते.

आता सुरतेचे हवामान पाहू. जानेवारीत रात्रीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास येते. वखारीच्या जाड भिंतींआड मालाला सुखकारक थंडावा मिळतो आणि केळीचा रंग खुलतो. मे महिन्यात दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर जाते, समुद्र जवळ असल्याने हवा दमट राहते आणि रात्रीदेखील तापमान पंचवीस अंशांच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे चोवीस तासांत असा एकही प्रहर नसतो की ज्यात सालीतील हिरवा रंग जाण्यास अनुकूल परिस्थिती मिळावी. जळगाव जिल्ह्यात उन्हाळी दुपार याहूनही कडक असते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. पिकणारे फळ श्वसन करते आणि श्वसनातून उष्णता बाहेर पडते. घडांची थप्पी दाट लावली, वारा खेळता ठेवला नाही, तर थप्पीच्या मध्यभागी असलेल्या फळाचे तापमान खोलीतील हवेपेक्षा काही अंशांनी अधिक होते. भिंतीवरील तापमापक २२ अंश दाखवीत असतो आणि आतील केळी मात्र पंचवीस अंशांत तापत असते. म्हणून जाणकार व्यापारी हवेचे नव्हे, तर सुईसारखा तापमापक फळात खुपसून गराचे तापमान पाहतात.

थंडीलाही मर्यादा आहे

उष्णता बाधते म्हणून मिळेल तितकी थंडी द्यावी, हा निष्कर्षही चुकीचा ठरेल. केळी मूळची उष्ण प्रदेशातील. ती १३ अंशांच्या खालची थंडी सहन करू शकत नाही. त्याखाली काही काळ राहिल्यास सालीच्या आतील शिरा तपकिरी होतात आणि पुढे फळ पिकले तरी रंग धुरकट, राखाडी झाक असलेला येतो. याला थंडीची इजा असे म्हणतात. घरातील शीतकपाटात ठेवलेली केळी काळी पडतात, त्याचे कारण हेच. गर पुष्कळदा खाण्याजोगा असतो. खराब होते ती साल.

आंब्याचीही स्थिती अशीच आहे. १२-१३ अंशांच्या खाली ठेवलेल्या कच्च्या आंब्याच्या सालीवर करडे डाग पडतात, रंग नीट येत नाही आणि स्वाद उणावतो. थोडक्यात सांगावयाचे तर, केळीचा रंग नीट येण्यासाठी साधारणतः तेरा आणि चोवीस या दोन आकड्यांमधील पट्टाच काय तो उपयोगाचा आहे.

इतर फळांचा स्वभाव

वलसाडचा हापूस असो की गीरचा केसर, २० ते २२ अंशांच्या सुमारास पिकविलेल्या आंब्यात रंग, गोडी आणि स्वाद यांचा मेळ उत्तम जमतो. १६ ते १८ अंशांत रंग देखणा येतो, परंतु आंबटपणा मागे राहतो. असे फळ पुढे काही दिवस अधिक उष्ण जागेत ठेवावे लागते. २७ ते ३० अंशांत पिकविल्यास साल ठिकठिकाणी हिरवी-पिवळी होते आणि स्वाद उग्र बनतो.

टोमॅटोमध्ये लायकोपीन तयार होण्यास १८ ते २४ अंशांचे तापमान मानवते. ३० अंशांच्या वर ते जवळजवळ तयारच होत नाही, पिवळे द्रव्य मात्र होत राहते. म्हणून भर उन्हाळ्यातील टोमॅटो पुष्कळदा तांबडे न होता नारिंगी-पिवळे दिसतात. गृहिणी त्यांना ‘जातच हलकी’ असे म्हणतात. वास्तविक तो उन्हाळ्याचा गुण असतो.

संत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. संत्रे झाडावरून काढल्यानंतर केळी-आंब्याप्रमाणे पिकत नाही. काढतेवेळी असेल तीच गोडी राहते. त्याच्या सालीचा हिरवा रंग जाण्यास थंड रात्री लागतात. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार पावसाळा संपता संपता बाजारात येऊ लागतो. तेव्हा रात्री उबदार असल्याने फळ आतून तयार असूनही साल हिरवट असते. अशा फळाला इथिलीन वायू अत्यल्प प्रमाणात देऊन साल पिवळी करता येते, पण त्यामुळे गोडी तसूभरही वाढत नाही. म्हणून हिरवट संत्रे आंबटच असणार हा ग्रह जसा खरा नव्हे, तसाच पिवळे संत्रे गोडच असणार हाही नव्हे.

नवसारी जिल्ह्यातील गणदेवी, अमलसाड हा भाग चिकूसाठी प्रसिद्ध आहे. चिकू पिकताना वरचा तपकिरी रंग फारसा बदलतच नाही. तेथील अनुभवी बागाईतदार नखाने साल किंचित खरवडून पाहतात. आत हिरवे दिसले आणि चीक आला तर फळ अपक्व, पिवळसर दिसले तर काढणीस योग्य. रंग पाहावयाचा तो कोठे, हे या साध्या परीक्षेत चांगले कळते.

प्रकाशाचे काम किती?

ऊन लागल्याशिवाय फळाला रंग येत नाही, असा एक समज आहे. झाडावर असताना तो बऱ्याच अंशी खरा आहे. आंब्याच्या उन्हाकडच्या गालावर लाली येते, सावलीकडच्या गालावर येत नाही. सफरचंदावर पान चिकटून राहिले तर त्या जागी फिकट ठसा उमटतो. अँथोसायनिन हे द्रव्य तयार होण्यास बहुतेक ठिकाणी प्रकाश लागतो.

काढणीनंतरही प्रकाशाने रंग आणण्याचे एक उदाहरण जगात आहे. इटलीच्या दक्षिणेकडील कांपानिया प्रांतात अन्नुर्का नावाचे सफरचंद होते. या फळाचा देठ नाजूक असल्याने ते पूर्ण लाल होण्यापूर्वीच उतरवतात आणि गवत-पेंढ्याच्या लांबट वाफ्यांवर एकेक करून मांडतात. काही आठवडे ते उन्हात ठेवून अधूनमधून हाताने उलटतात, म्हणजे चारी अंगांनी लाली चढते. सन २००६ मध्ये या फळाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले, तेव्हा ही पद्धतही त्याच्या ओळखीचा भाग मानली गेली.

हे उदाहरण केळीला किंवा हापूसला मात्र लागू पडत नाही. केळीचा पिवळेपणा हरितद्रव्य जाण्याने दिसतो आणि त्याला प्रकाशाची गरज नाही. आपल्याकडील आंब्याची आढी हाच याचा पुरावा. गवताच्या थरांत, अंधाऱ्या खोलीत ठेवलेला आंबा उन्हाचा एक किरणही न लागता पिवळाधमक होतो. टोमॅटोवर तांबडा प्रकाश पाडल्यास लायकोपीन थोडे लवकर तयार होते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण अंधारात ठेवलेला टोमॅटोही शेवटी लाल होतोच. काढणीनंतर उघड्या हातगाडीवर पडणारे ऊन या फळांना रंग देत नाही. ते केवळ सालीचे तापमान वाढविते. म्हणजे ज्या उन्हाने रंग येईल अशी विक्रेत्याची आशा असते, तेच ऊन केळीचा रंग अडवून धरते.

काही ठिकाणी तर प्रकाश उघड अपाय करतो. बटाटा उजेडात राहिला की त्याच्या सालीत हरितद्रव्य नव्याने तयार होते आणि तो हिरवा पडतो. त्याच प्रकाशामुळे सोलॅनिनसारखी कडवट, विषारी द्रव्येही वाढतात. म्हणून हिरवा झालेला भाग खोल कापून टाकावा आणि फार हिरवा बटाटा खाऊ नये. बटाटा अंधारात साठवावा, हा घराघरांतील नियम अगदी शास्त्रशुद्ध आहे.

धूर, दिवा आणि कार्बाइड

रंगासाठी माणसाने काय काय केले, याचा इतिहास बोधप्रद आहे. आपल्याकडे बंद खोलीत गोवऱ्या किंवा पाचोळा धुमसत ठेवून केळी पिकविण्याची रीत होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील व्यापारी हिरवी लिंबे बंद कोठारात रॉकेलच्या शेगड्या पेटवून पिवळी करीत. ही उष्णतेची किमया आहे, असेच सर्वांना वाटत होते. पण शेगड्यांऐवजी दुसऱ्या साधनांनी तेवढीच ऊब दिली, तेव्हा लिंबे हिरवीच राहिली. सन १९२४ मध्ये डेनी या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, काम करतो तो शेगडीच्या धुरातील इथिलीन वायू. पुढे १९३४ मध्ये गेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पिकणारे फळ स्वतःच इथिलीन निर्माण करते, हे सिद्ध केले. पेटीतील एक पिकलेला आंबा शेजाऱ्यांना पिकवितो, त्याचे रहस्य हेच.

धुरीत इथिलीन असते हे खरे. परंतु धुराबरोबर उष्णताही येते. गर झपाट्याने मऊ होतो, रंग सारखा येत नाही आणि फळ टिकत नाही.

कॅल्शियम कार्बाइडची पुडी हा याहून वाईट मार्ग होय. कार्बाइडला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण दुबळेपणाने. शिवाय बाजारातील कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात आणि ते हाताळणाऱ्यास व खाणाऱ्यास अपायकारक ठरतात. अपक्व फळाची साल त्याने रंगते, आतील गर मात्र बेचव राहतो. येथे फसवणूक उलट दिशेने होते : उन्हाळ्यातील केळी आतून पिकलेली असून हिरवी दिसते, तर कार्बाइडचे फळ आतून कच्चे असून पिवळे दिसते. दोन्ही वेळी गिऱ्हाईक फसते ते केवळ रंगावर विसंबल्यामुळे.

कार्बाइड वायूने फळे पिकविण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे. अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत ती होतीच. पुढे अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील सन २०११ च्या विनियमांतही ती कायम ठेवण्यात आली. त्याऐवजी इथिलीन वायूचा उपयोग करण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये मुभा दिली. हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचे कमाल १०० भाग, ही मर्यादा आहे. इथिलीनची भुकटी किंवा द्रावण यांचा फळांशी प्रत्यक्ष संपर्क येऊ देण्यास परवानगी नाही. फळे औषधाच्या पाण्यात बुचकळणे हे यामुळेच नियमबाह्य ठरते.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. इथिलीन हे पिकण्याची सुरुवात करून देणारे साधन आहे. रंगाची हमी देणारे नव्हे. तीस अंशांच्या खोलीत कितीही शुद्ध इथिलीन सोडला तरी कॅव्हेंडिश केळी नीट पिवळी होणार नाही. वायू बदलला आणि तापमान तसेच राहिले, तर केलेला खर्च वाया जातो.

प्रत्यक्षात काय करावे?

ही शिस्त बागेतूनच सुरू होते. घड पुरेसा जून झाल्यावर, शक्यतो पहाटेच्या गारव्यात कापावा. कापलेले घड उन्हात न ठेवता लगेच सावलीत न्यावेत. गाडीत भरताना हवा खेळण्यास जागा ठेवावी आणि वाहतूक रात्रीची करावी. दुपारी तापलेला घड थंड करण्यास जो वेळ आणि वीज लागते, तिची बचत पहाटेच्या एका तासाने होते.

पिकविण्याच्या आधुनिक कक्षात केळीच्या गराचे तापमान १६ ते १८ अंशांवर आणून, हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास ठेवून, सुमारे २४ तास इथिलीन दिला जातो. त्यानंतर कक्ष उघडून हवा बदलावी लागते. कारण श्वसनातून साठणारा कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर गेला तर इथिलीनचा परिणाम दबतो. यापुढे चार ते सहा दिवसांत सर्व फण्यांना सारखा रंग येतो. इथिलीन ज्वालाग्राही आहे. शंभर भागांची मर्यादा पाळली तर धोका नसतो. परंतु हवेतील प्रमाण पावणेतीन टक्क्यांच्या पुढे गेल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून नळकांडी व झडपा यांची हाताळणी प्रशिक्षित माणसाकडेच असावी.

अशा कक्षांसाठी राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाखाली सन २००५-०६ पासून, आणि २०१४-१५ पासून एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाखाली अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. एकट्या शेतकऱ्यास हा खर्च न पेलणारा असला तरी सहकारी संस्था किंवा शेतकरी गटाला तो शक्य होतो. प्रचलित अटींची चौकशी जिल्ह्याच्या बागायत कार्यालयात करावी.

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी आहे. विटांच्या दोन भिंती बांधून मधल्या फटीत वाळू भरावयाची, ती दिवसातून दोनदा पाण्याने भिजवावयाची आणि वर ओले आच्छादन घालावयाचे, इतकीच ही रचना. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील तापमान उतरते. कोरड्या उन्हाळ्यात, म्हणजे खानदेशात, बाहेरच्या तुलनेत ते दहा अंशांहूनही अधिक उतरू शकते. सुरतेच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हा लाभ पुष्कळच कमी मिळतो, हे बांधण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. हातगाडीवाल्याने छत्री धरावी, ओले गोणपाट शेजारी टांगावे आणि एका वेळी एका दिवसाचाच माल आणावा. एवढ्यानेही नुकसान बरेच कमी होते.

गिऱ्हाइकानेही आपली दृष्टी थोडी बदलावयास हवी. मे महिन्यातील हिरवट केळी परत ठेवण्यापूर्वी ती हलकेच दाबून पाहावी, देठाकडील भाग नरम झाला आहे काय ते पाहावे, वास घ्यावा. उलट, एकसारखा भडक पिवळा रंग असून देठ हिरवा आणि गर दगडासारखा कठीण असेल, तर त्या फळाविषयी संशय घ्यावा.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

हा विषय वर्गात शिकविण्यास सोपा आहे आणि त्याला फारसा खर्च येत नाही. एकाच घडाच्या चार हिरव्या फण्या घ्याव्यात. प्रत्येक फणीबरोबर इथिलीनसाठी एक पिकलेले केळे ठेवावे. पहिली फणी वर्गात सावलीत पण उजेडात, दुसरी तिच्याच शेजारी काळ्या कागदात सैलसर गुंडाळून, तिसरी ओल्या फडक्याने वेढलेल्या मातीच्या माठात आणि चौथी ऊन पडणाऱ्या खिडकीत ठेवावी. रोज ठराविक वेळी प्रत्येक ठिकाणचे तापमान व सालीचा रंग वहीत नोंदवावा. तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक फणीतील एकेक केळे सोलून गर दाबून व चाखून पाहावा.

पहिल्या दोन फण्यांच्या रंगात विशेष अंतर दिसणार नाही. त्यावरून या फळाला प्रकाश लागत नाही हे मुलांना कळेल. तिसरी आणि चौथी यांच्या तुलनेत तापमानाचे महत्त्व कळेल. हाच प्रयोग एकदा जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये, उन्हाळी सुटीपूर्वी, करावा. दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे पुस्तकात न सांपडणारा धडा मुलांच्या स्वतःच्या अक्षरात तयार होतो. या मुलांपैकी कित्येकांच्या घरी फळांची हातगाडी असते आणि कित्येकांच्या गावी केळीची बाग. वहीतील आकडे तेथपर्यंत पोहोचले, तर मे महिन्यातील हिरवट पण पिकलेली केळी वाया जाण्याचे पुष्कळ टळेल आणि कार्बाइडच्या पुडीला गिऱ्हाईक उरणार नाही.